दारावरचा दिवा

मिस्त्री कुठल्याही खोलीत शिरताना आधी वर बघायचे. दाराच्या वर. तिथं दिवा आहे का, असला तर तो येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो का, याची खात्री झाल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडत नसे. मग दाराची पाळी. कुठल्या बाजूला उघडतं, बिजागरी कुरकुरते का, उंबरा किती उंच. एवढं झालं की मग आतल्या माणसांकडे लक्ष जायचं, तेही सावकाश. सांगलीत आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाई हात जोडून स्वागताला उभ्या, आणि हे गृहस्थ मान वर करून चौकट न्याहाळतायत. सासूबाईंना वाटलं, वर पाल आहे. त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि पाठ भिंतीला लागल्यावर थांबल्या.

"बगा मॅडम," मिस्त्री मला म्हणाले, "कोपरा गाठला. दार उघडं हाय म्होरं, पर गेल्या कोपऱ्यात."

सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

त्यांना नाव होतं. हजेरीपटावर मी ते रोज बघायचे. पण आमच्या फार्मसी कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. हुद्दा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, काम प्राणिघराचं. म्हणजे उंदरांचं खाणंपिणं, पिंजरे, आणि मोडेल ते दुरुस्त करणं. गाव रहिमतपूर. आठवडाभर कॉलेजजवळ एका खोलीत राहायचे, शनिवारी गावाकडे जायचे. शर्टाच्या खिशात लाकडी घडीची पट्टी, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. मोबाइल होता, पण तो ते पातळी बघायला वापरत. टेबलावर आडवा ठेवायचा आणि पडद्यावरचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे सरकवत बसायचे. त्या वेळात कुणाचा फोन आला तर कट करायचे. "बुडबुडा हलतोय," म्हणायचे.

मी तिथं औषधशास्त्र शिकवत होते. चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलेली बाई. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. पीएच.डी. झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही, असं पत्र हातात पडलं होतं. विषय मात्र मी मोठ्या दिमाखात निवडला. आमच्याकडे बांधावर पावसाळ्यात एक वेल उगवते, तिच्या पाल्यानं स्मरणशक्ती वाढते असं जुनी माणसं सांगतात. तो पाला उंदरांना देऊन बघायचा. वेलीचं नाव इथं सांगत नाही. का, ते पुढं कळेल.

मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट जमिनीवर झाली. मी प्राणिघराचं दार उघडलं, तर हे फरशीवर पालथे, गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मी किंचाळले. मला वाटलं, गेले. दोन शिपाई धावत आले. मिस्त्रींनी उठण्याची काही घाई केली नाही.

"गप बसा वाईच," तसेच पडल्या पडल्या म्हणाले. "उंदराला हितनं काय दिसतंय ते बगतोय."

"काय दिसतंय?" एका शिपायानं विचारलं.

"तुझं बूट."

तरुणपणी ते मधमाश्यांच्या पेट्या बनवायचे. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावांतून. त्या पेटीतल्या फळ्यांमधली फट ठरलेली असते. ती जरा मोठी झाली की माश्या तिथंच भलतं पोळं बांधतात आणि सगळी पेटी चिकटून बसते. एकदा कुणा दुसऱ्यानं केलेली पेटी अशीच बिघडली. मालक माश्यांना शिव्या घालत होता की ह्या जातीला अक्कलच नाही. मिस्त्रींनी पट्टी काढून फट मोजली, नवी फळी बसवली. त्याच माश्या सरळ कामाला लागल्या. ही गोष्ट त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल. शेवट दर वेळी एकच, "आधी पेटीला इचारायचं. मग माशीला."

प्राणिघरात एक शब्द बंद होता, 'मठ्ठ'. विद्यार्थ्यांपैकी कुणी उंदराला तसं म्हणालं की मिस्त्री त्याला स्टूल द्यायचे. त्यावर बसवून डोळे मिटायला लावायचे. "आता सांग, दार कुटल्या अंगाला हाय?" पोरगं चाचपडायचं. हमखास चुकायचं. "मंग तू काय हायस?" मिस्त्री शांतपणे विचारायचे.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी त्यांचा एक नेम असे. पेटीच्या तळाच्या सळ्यांत जो हलका करंट सोडायचा, तो आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायचा. रोज. "मुंग्या आल्या पायजेत. चटका न्हाई," म्हणायचे. जास्त वाटला तर बटण खाली करायचे आणि परत हात ठेवायचे. आमच्या परवानगीच्या कागदावर करंटचा आकडा छापलेलाच होता. पण मिस्त्रींचा विश्वास कागदापेक्षा तळहातावर जास्त. मी एकदा विचारलं, रोज कशाला? "आपल्या घरी पाव्हणं येनार म्हनल्यावर," ते म्हणाले, "भाजी आदी आपुन चाखतो का न्हाई?"

आता पेटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पेटी दोन खणांची. मध्ये भिंत, भिंतीत उंदीर जाईल एवढं दार. तळाला पोलादी सळ्या. उंदराला एका खणात ठेवायचं. दिवा लागतो. थोड्या वेळानं त्या खणाच्या सळ्यांत करंट येतो. उंदीर दारातून पलीकडे पळाला की सुटला. असं काही वेळा झालं की उंदराच्या लक्षात यावं, दिवा लागला की निघायचं, म्हणजे करंट बसतच नाही. मग पलीकडच्या खणात दिवा, आणि तिथून परत अलीकडे. किती खेपांत शिकला ते वहीत लिहायचं. काही दिवसांनी पुन्हा बघायचं, ध्यानात राहिलं का. झाला प्रयोग.

आमची पेटी विकत आणलेली होती. काचेची, चकचकीत, बटणांवर इंग्रजी अक्षरं. तिला हात लावायला मलाही भीती वाटायची. पाला पावसाळ्यात येणार, म्हणून उन्हाळ्यात मी आधी साध्या पाण्यावरच्या उंदरांना घेतलं. औषध न दिलेला गट, तुलनेसाठी. मिस्त्री त्यांना 'पाणीवालं' म्हणायचे. तर हे पाणीवाले काही केल्या शिकेनात. दिवा लागला की कोपऱ्यात जायचे आणि दगडासारखे बसायचे. करंट आला की उड्या मारायचे, उड्या मारता मारता चुकून दार सापडलं तर पलीकडे. पुढच्या खेपेला पुन्हा दगड. मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं असेल? तोच बंद शब्द.

मिस्त्रींनी वाचला. मला स्टूल दिलं नाही, मी मॅडम होते. फक्त पेटीसमोर स्वतः पालथे पडले आणि मला म्हणाले, "या की मॅडम. वाईच हितं."

मी साडी नेसलेली, वजन त्या वेळी जे होतं ते होतं. तरी पडले. एका गालाला फरशी लागली. शिपायानं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजभर काय काय बोललं गेलं ते मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

"दिवा लावतो हां," मिस्त्री म्हणाले. बटण दाबलं. डोळ्यांत प्रकाश आला. दिवा नेमका दाराच्या वर बसवलेला होता.

"उंदीर अंधारातला गडी," ते म्हणाले. "उजेड दिसला की त्यो लांब जानार. आनि तुमी सुटायच्या दारावरच दिवा पेटवलाय. तिकडं कसा जाईल त्यो? कोपऱ्यातच जानार की."

"बरं," मी म्हणाले. मला उठायचं होतं.

"आनि दुसरं. पळून पलीकडं गेला बिचारा. मंग तिकडं बी दिवा. म्हंजे परत पयल्या खनात ये म्हंतासा. आत्ता जितं बसलाय करंट, तितं. तुमी जाल का?"

"प्रयोगाचा नियमच तसा आहे, मिस्त्री."

"नियम पेटीचा हाय," ते म्हणाले. "उंदराला कुनी इचारलंय?"

ही त्यांची बुद्धी फक्त उंदरांपुरती नव्हती. कॉलेजात एक तक्रारपेटी होती, प्राचार्यांच्या काचेच्या केबिनसमोर लावलेली. वर्षभर रिकामी. प्राचार्य दर सभेत सांगायचे, आमच्याकडे एकही तक्रार नाही. मिस्त्रींनी एका सुट्टीच्या दिवशी ती काढली आणि पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर लावली. तिथं पोरं-पोरी पाणी प्यायला जातात, तिथं कोण काय करतंय ते कुणाला दिसत नाही. महिन्याभरात पेटी गच्च. चिठ्ठ्या दाबून बसवाव्या लागल्या. प्राचार्यांनी सगळ्या वाचल्या, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पेटी परत केबिनसमोर आली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "सायबांना तक्रारी नगं हायत्या, पेटी पायजे."

एका शिक्षकाच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या दारात नुसती रेटारेटी. वऱ्हाडी एकमेकांना टोमणे मारत होते की ही सांगलीची शिस्त, ही साताऱ्याची. मी साताऱ्याची माहेरवाशीण आणि सांगलीची सून, त्यामुळे दोन्हीकडून माझ्यावरच. मिस्त्रींनी ताटांचं टेबल उचललं, एकट्यानं, आणि दारापासून आत टोकाला नेऊन ठेवलं. मुलीचा मामा धावत आला, "आवं, तुमी कोन? केटररचं का?" मिस्त्री म्हणाले, "न्हाई. उंदरांचा." मामा पुढं काय विचारणार? पण तोवर रांग लागली होती.

तर, त्या उन्हाळ्याच्या शेवटी विकतची पेटी जळली. आतली एक तार वितळली, वास सुटला. तोवर पाणीवाल्यांचा गट झाला होता. पाऊस पडला, वेल उगवली, सासूबाईंनी आणि मी बांधावरून पाला आणला, वाळवला, अर्क काढला. अर्कवाले उंदीर तयार, आणि पेटी नाही. दुरुस्तीला पाठवायची तर पाला सरून जाणार. मिस्त्री म्हणाले, "मी करतो की."

आणि त्यांनी केली. जुन्या कपाटाचं प्लायवूड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, जळक्या पेटीतल्या सळ्या. पण करताना त्यांच्या मनाप्रमाणं केली. सळ्या एकाच खणात. दुसऱ्या खणाला साधी लाकडी जमीन, तिथं कधीच करंट नाही. दिवा दारावर नाही, मागच्या भिंतीला, म्हणजे उजेड पाठीमागून यावा आणि तोंड आपोआप दाराकडे व्हावं. दार बुटकं आणि रुंद. उंदीर पलीकडे गेला की त्याला हातानं अलगद उचलायचं आणि पहिल्या खणात परत आणून ठेवायचं. "परत जायचं काम त्येचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आपलं."

अर्कवाल्यांनी कमाल केली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दिवा लागायचा अवकाश की पलीकडे. करंट सुरू व्हायच्या आत! मी वहीत आकडे लिहीत होते आणि सारखी मागची पानं उलटून बघत होते. उन्हाळ्यातले ते दगड कुठं आणि हे हुशार कुठं. पाला गुणकारी ठरला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख बघून "छान, छान" म्हटलं. ते कधीच दोनदा छान म्हणत नसत.

मी घरच्या ग्रुपवर टाकलं. दीर म्हणाले, वहिनी, उंदीर हुशार झाले, आता आमच्या ऑफिसात थोडा पाला पाठवा. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पाल्याची चटणी वाटली आणि तिच्या पानात वाढली. स्वतःही खाल्ली, कारण चष्मा सापडत नव्हता. भाऊ साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आला. तोच पुडा घेऊन मी दुसऱ्या दिवशी प्राणिघरात गेले.

मिस्त्रींनी पेढा घेतला. खाल्ला नाही. हातात धरून उभे राहिले.

"पानीवालं ह्या पेटीत कवा घातलं?"

"ते उन्हाळ्यातच झाले की. जुन्या पेटीत."

मिस्त्रींनी पेढ्याकडे बघितलं. मग तो परत पुड्यात ठेवला, अगदी ज्या जागेवरून उचलला होता तिथं.

"मंग ह्यो पेढा पेटीचा हाय, मॅडम," ते म्हणाले. "पाल्याचा न्हाई."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, हे कबूल करायला हवं. त्याआधी खरोखरच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या लेखी पेटी म्हणजे पेटी. पातेलं बदललं म्हणून आमटीची चव बदलते का? (बदलते, असं सासूबाई म्हणतात. पण मी त्यांचं कधी ऐकलंय?) एक गट एका पेटीत, दुसरा गट दुसऱ्या पेटीत, आणि श्रेय द्यायचं पाल्याला. पहिल्या वर्षाच्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिचं जर्नल फेकून दिलं असतं.

कळल्यावर माणूस काय करतो? मी आवाज चढवला.

"मिस्त्री, तुम्ही पेट्या बनवा. निष्कर्ष काढायला मी आहे."

तिथं दोन विद्यार्थी होते. त्यांनी एकदम पिंजरे पुसायला घेतले.

"बरं," मिस्त्री म्हणाले. आणि पुसायचं फडकं शोधायला वळले.

प्राणिघर पहिल्या मजल्यावर, माझी खोली त्याच मजल्यावर मागच्या टोकाला. पुढचा जिना प्राणिघराच्या दारासमोरून येतो. मागचा जिना कचऱ्याच्या डब्यांवरून. त्या दिवसापासून मी मागच्या जिन्यानं यायला लागले. आठ दिवस. डब्यांचा वास घेत, साडीचा काठ धरून. एकदा त्या जिन्यावर प्राचार्य भेटले. त्यांनी विचारलं, इकडून कसं? मी म्हणाले, व्यायाम. ते म्हणाले, मीही त्यासाठीच. पण त्यांच्या हातात तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि डब्याचं झाकण उघडं होतं.

सेमिनारची तारीख लागली होती. तिथं निष्कर्ष मांडायचे, मग प्रबंध, मग कायम नोकरीचं पत्र. मनाशी मी रोज नवं कारण काढायचे. पाल्यानं थोडा तरी फरक पडला असेलच. सरांना पटलंय. पेटीचा तपशील कोण वाचतो? आणि मिस्त्री महिन्याअखेर निवृत्त होणार होते. रहिमतपूरला गेल्यावर ते कशाला बोलतील? ते तसेही कुणाला काही सांगणारे नव्हते. मला माहीत होतं. त्यामुळेच जास्त त्रास होत होता.

नवव्या दिवशी मी प्रबंधातलं 'साधने' हे प्रकरण लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, दोन्ही गटांसाठी दोन खणांची पेटी वापरली. वाक्य खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि दुसरं वाक्य काही केल्या सुचेना. पेनाचं टोपण लावलं आणि उठले.

प्राणिघराकडच्या बोळात त्या दिवशी अंधार होता. दारावरची ट्यूब बंद. तिथं खिडकी नाही, भरदुपारीही ट्यूब लागते. मी चडफडले, म्हटलं निवृत्तीला आठ-दहा दिवस राहिले तरी ह्या माणसाची वीज वाचवायची हौस जात नाही. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुणाला दिसणार नव्हते. दार ढकललं. कुरकुरलं नाही, नुकतंच तेल दिलेलं असावं.

मिस्त्री पेटीजवळ फरशीवर बसले होते. पेटी पुसून लख्ख.

"या," म्हणाले. जणू मी रोजच येते. "राखीव उंदीर सा हायत. पानीवालं करायचं न्हवं?"

मी नुसती मान हलवली. दिलगिरीचं वाक्य वाटेत पाठ केलं होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "आज तळहात तुमचा."

मी हात ठेवला. मुंग्या आल्या.

पुढचे काही दिवस आम्ही दोघं त्या सहा उंदरांपुढं बसलो. पाला नाही, अर्क नाही, साधं पाणी. पहिला तिसऱ्या खेपेला पलीकडे. दुसरा चौथ्या. मी आयुष्यात कुणाच्या अपयशासाठी एवढा नवस केला नसेल. सहाव्या उंदराच्या वेळी तर मी मनातल्या मनात हात जोडले, बाबा रे, तू तरी कोपऱ्यात बस, तू तरी घाबर. दिवा लागला. त्यानं मिशा हलवल्या, दाराकडे वळला आणि शांतपणे पलीकडे गेला. करंट सुरू व्हायच्या आत.

"हुशार हाय," मिस्त्री म्हणाले. मला वाटतं, उंदराबद्दलच म्हणाले.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे पाला?"

"पाला चांगला आहे, सर," मी म्हणाले. "चटणीला."

ते हसले नाहीत. सेमिनार रद्द झाला. कायम नोकरीचं पत्र माझ्यानंतर लागलेल्या एका मुलीला मिळालं आणि तिनं मला पेढे दिले, ते मी खाल्ले. मला आणखी दोन वर्षं लागली. प्रबंधाचा विषय बदलला. पेटीची रचना बदलली की उंदराचं शिकणं कसं बदलतं, दिवा कुठं, दार किती, परत जायचं की नाही. पाला शेवटच्या प्रकरणात दीड पानात आटोपला. घरी मात्र मी खरं काय ते सांगितल्यावरही सासूबाईंनी चटणी सोडली नाही. मुलीला दहावीत बरे गुण पडले, आणि सासूबाईंच्या मते विषय तिथंच संपला. म्हणून वेलीचं नाव सांगत नाही. सगळी आळी तोडायला येईल.

पीएच.डी. झाल्यावर प्रबंधाची एक प्रत घेऊन रहिमतपूरला गेले. मिस्त्री ओसरीत पाट मांडून मधाच्या पेट्या करत होते. कानावर तीच पेन्सिल. मी आल्याचं बघून त्यांनी पत्नीला चहाची हाक दिली आणि प्रबंध मांडीवर घेतला. मला वाटलं, आता नाव बघतील, आभाराचं पान बघतील. त्यात मी त्यांच्याबद्दल चांगलं अर्धं पान लिहिलं होतं.

"पेटी कुटल्या पानावर हाय?"

मी पान काढून दिलं. त्यांनी घडीची पट्टी उलगडली आणि आकृती मोजायला लागले. इकडून, तिकडून, दार, उंबरा. खाली छापलेले आकडे वाचले. मग कानावरची पेन्सिल काढली आणि दाराच्या उंचीचा आकडा खोडला. शेजारी नवा लिहिला.

"दोन सूत चुकलंय," म्हणाले.

दोन सूत म्हणजे पाव इंच. दोन वर्षांत तो आकडा सरांनी, दोन परीक्षकांनी आणि मी बघितला होता.

चहा आला. त्यांच्या पत्नीनं विचारलं, "ह्याच का त्या? जिन्यावाल्या?" मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत आत गेल्या.

"जिन्यावाल्या म्हणजे?" मी विचारलं.

"काय न्हाई. आठ दिस मागच्या जिन्यानं जात हुतासा न्हवं."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"चपला वाजत्यात की तुमच्या. हिकडनं वाजायच्या बंद झाल्या, तिकडनं वाजाया लागल्या."

"मग एक हाक मारायची होतीत."

"हाक कशी मारनार?" ते पेटीची फळी डोळ्यासमोर धरून बघत म्हणाले. "चुकलं म्हनून आदीच लागलेलं तुमाला. आनि परत त्याच खनात यायचं. लय अवगड काम हाय त्ये, मॅडम. उंदराला बी जमंना, बगितलं की आपुन." त्यांनी फळी खाली ठेवली. "मला वाटलं, येतील. टाइम लागंल, पर येतील. म्हनून तेवडी ट्यूब काढून ठिवली."

"कसली ट्यूब?"

"दारावरली," मिस्त्री म्हणाले, आणि पट्टी मिटून खिशात ठेवली.